विमानाचे अंतर आणि शरीराचे घड्याळ

दापोली तालुक्यातील मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. रायगडातले जंजिऱ्याचे मुरुड वेगळे आणि हे वेगळे. दापोलीहून दहा-बारा किलोमीटरवर समुद्राला लागून नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेल्या या गावातून कर्वे वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी एका सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले, तेही पायी आणि भर पावसात. घाट चढून, ओढे ओलांडून त्यांनी ११० मैल, म्हणजे जवळजवळ १७७ किलोमीटर अंतर तुडवले. साताऱ्याला पोहोचल्यावर त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. कारण एवढेच, की मुलगा वयाने लहान दिसतो.

ही गोष्ट कर्व्यांच्या चिकाटीसाठी नेहमी सांगितली जाते. तिच्यात भूगोलाचाही एक धडा आहे. नकाशावर मुरुड आणि सातारा ही दोन टोके सरळ रेषेने जोडली, तर अंतर भरते जेमतेम ९४ किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला एवढे अंतर कापायला सात मिनिटे लागतील. मधे सह्याद्री आडवा असल्यामुळे कर्व्यांना त्याच्या जवळजवळ दुप्पट चालावे लागले. आज रस्ता आहे, मोटार आहे, तरी घाट चढून साताऱ्याला जायला चार-पाच तास जातात. गावे तीच आहेत, पण ‘किती लांब?’ या प्रश्नाची उत्तरे तीन आहेत.

हाच प्रश्न आता कोकणातल्या अनेक घरांत वेगळ्या संदर्भात विचारला जातो. मुलगा कॅलिफोर्नियात असतो, लेक लंडनला किंवा सिडनीला. आई-वडील बाळंतपणासाठी, नातवंडांसाठी तिकडे जातात. मोबाइलवर दोन शहरांची नावे टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ क्षणात दिसतो. ‘सोळा तासांचा तर प्रवास’ असे म्हणून बॅगा भरल्या जातात. मात्र पडद्यावरचा हा आकडा प्रवासाचा एक तुकडाच सांगतो. बाकीचा हिशेब पृथ्वीचा गोल आकार, आकाशातला वारा आणि माणसाचे शरीर मांडत असते. तो आधी समजून घेतला तर प्रवास सुखाचा होतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या प्रवाशासाठी तर तो आरोग्याचाच प्रश्न असतो.

दोऱ्याने मोजलेले अंतर

भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचे तर डावीकडे आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडावा, नाहीतर उजवीकडे चीन आणि प्रशांत महासागर ओलांडावा, असे वाटते. हा सपाट कागदाने केलेला घोटाळा आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा, एक दोरा घ्यावा, त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून तो ताणावा. दोरा मध्य आशिया आणि सायबेरियावरून वर चढतो, ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे आर्क्टिकच्या बर्फाळ प्रदेशातून जातो आणि कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हाच. ताणलेला दोरा ज्या वर्तुळावर बसतो त्याचे केंद्र पृथ्वीचेच केंद्र असते, म्हणून त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात.

या मार्गाची लांबी काढणे अवघड नाही. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे आणि वर्तुळाचे अंश ३६०, म्हणून एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर येतात. दोन्ही शहरांच्या अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढायचा आणि त्याला १११ ने गुणायचे. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को कोन येतो साधारण १२१.५ अंश, म्हणजे अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. याच पद्धतीने मुंबई-लंडन ७,२०० आणि मुंबई-न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटरच्या आसपास येते. पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर परिघाच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटरहून अधिक असूच शकत नाही. त्याहून लांब गेलो तर दुसऱ्या बाजूने परत जवळ येऊ लागतो.

उत्तर ध्रुवाकडून जाणारी ही वाट निव्वळ कागदावरची नाही. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला वैमानिक सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूरु हे जवळजवळ १४,००० किलोमीटरचे उड्डाण याच ध्रुवीय भागावरून केले. त्याला सतरा तास लागले.

वारा, डोंगर आणि बंद आकाश

मोठी प्रवासी विमाने दहा ते बारा किलोमीटर उंचीवर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने उडतात. मग अंतराला वेगाने भागले की वेळ मिळायला हवा. प्रत्यक्षात तसे घडत नाही. मुंबईहून लंडनला जाताना लागणारा वेळ आणि लंडनहून मुंबईला येताना लागणारा वेळ यांत अनेकदा तासभर फरक पडतो, आणि येताना वेळ कमी लागतो.

यावर एक शंका हमखास निघते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला मुक्काम स्वतःहून सामोरा येईल आणि वेळ वाचेल. मग उलटे का होते? उत्तर सोपे आहे. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडते. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडणाऱ्या माशीला इंजिनाकडे जायला जास्त आणि गार्डाच्या डब्याकडे जायला कमी कष्ट पडत नाहीत, तसेच हे आहे. फरक पाडतो तो वारा. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पण जोरदार पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे किलोमीटरपासून कधी तीनशेच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात हवेत फुगे सोडून हे वारे मोजले. आपले निष्कर्ष जगाने वाचावेत म्हणून त्याने ते एस्परांतो या भाषेत छापले. ती भाषा जाणणारे थोडे होते, त्यामुळे त्याचे काम बराच काळ दुर्लक्षित राहिले.

पाठीवर वारा मिळाला तर काय होते, याचे उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान जोरदार जेट प्रवाहावर स्वार झाले आणि पाच तासांच्या आतच लंडनला उतरले. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. आवाजाचा वेग मात्र त्याने ओलांडला नव्हता, कारण भोवतीची हवाच त्याच दिशेने धावत होती.

वाऱ्याशिवाय आणखी दोन गोष्टी दोऱ्याची वाट वाकडी करतात. एक डोंगर. तिबेटच्या पठारावर जमीनच साडेचार हजार मीटरवर आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीने तीन हजार मीटरपर्यंत खाली यावे लागते. तिथे खाली यायला जागाच नाही, म्हणून विमाने तो भाग शक्यतो टाळतात. दुसरी गोष्ट माणसाने आखलेल्या सीमा. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना त्यामुळे वळसा घ्यावा लागला, तास वाढले, इंधन वाढले. म्हणून सहा महिन्यांपूर्वी शेजाऱ्यांना लागलेले तास आज तेवढेच लागतील, असे धरून चालू नये.

तिकिटावरचे फसवे तास

तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापलेली असते, ती त्या-त्या शहराच्या घड्याळाची. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांनी मागे असते. समजा, मुंबईहून दुपारी दोनला थेट विमान सुटले आणि सोळा तास उडाले. उन्हाळ्यात ते सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला उतरेल. तिकिटावर पाहिले तर साडेतीन तासांचा प्रवास! येताना याच्या उलट. तिकडून शनिवारी रात्री नऊला निघालेला माणूस सोळा तास उडून मुंबईत उतरतो तेव्हा सोमवारची पहाट होत असते आणि घड्याळात दीड वाजलेला असतो. रविवार कुठे गेला, ते त्याला कळत नाही.

ही नुसती गंमत नाही. रोज ठरावीक वेळी गोळ्या घेणाऱ्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे येताना आखडतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींसाठी हे फार महत्त्वाचे आहे. दिवस लांबला की जेवणे वाढतात, दिवस आखडला की दोन डोस नको तितके जवळ येतात आणि साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. डोस कसा बदलायचा, हे प्रत्येकाच्या औषधावर अवलंबून असते. त्यामुळे तिकीट हातात आल्यावर सुटण्याची वेळ, उडण्याचे तास आणि पोहोचण्याची वेळ कागदावर लिहून तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवावा आणि वेळापत्रक लिहून घ्यावे. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. मोठी बॅग सामानात जाते आणि कधी ती दोन दिवसांनी मिळते. इन्सुलिन तर सामानात कधीच देऊ नये, कारण तिथे ते गोठून निकामी होऊ शकते.

जहाजात न होणारा आजार

१९२९ च्या मार्चमध्ये, सत्तरी ओलांडलेले कर्वे जगाच्या प्रवासाला निघाले. महिला विद्यापीठाच्या कामासाठी त्यांनी युरोप, अमेरिका आणि जपान पालथे घातले आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते परतले. तो काळ जहाजांचा होता. मुंबईहून विलायतेला पोहोचायला दोन ते तीन आठवडे लागत. जहाजावरचे घड्याळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी मागे केले जाई आणि प्रवाशाचे शरीर तेवढे सहज सोसत असे. विलायतेत उतरेपर्यंत त्याची झोप आणि भूक तिथल्या वेळेला लागलेली असे. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. मग जेट विमाने आली आणि आठवड्यांचे तास झाले. शरीर मात्र जहाजाच्याच वेगाने जुळवून घेत राहिले. जेट लॅग म्हणतात तो हाच.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. हे शरीराचे मुख्य घड्याळ. झोप कधी यावी, अंगाचे तापमान कधी उतरावे, कोणते संप्रेरक कधी स्रवावे, हे ते ठरवते. अंधार पडू लागला की त्याच्या इशाऱ्याने मेलॅटोनिन वाढते आणि डोळे जड होतात. यकृत, आतडी, स्नायू यांच्या पेशींतही आपापली छोटी घड्याळे असतात. या घड्याळांमागची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

माणसाचे हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचे नसते, सरासरी काही मिनिटांनी जास्त असते. म्हणून त्याला दिवस लांबवणे सोपे जाते, आखडणे जड जाते. पश्चिमेकडे गेल्यावर शरीर रोज साधारण दीड तास सरकते, पूर्वेकडे गेल्यावर सुमारे एक तास. कॅलिफोर्नियाशी आपला फरक जवळजवळ दिवस-रात्रीचा. तो भरून निघायला आठ ते बारा दिवस लागू शकतात. तोपर्यंत रात्री दोनला टक्क जाग, दुपारी डोळ्यांवर झापड, भलत्या वेळी भूक, पोटात गडबड आणि चिडचिड हे सगळे चालायचेच.

इथे किलोमीटर कामाचे नाहीत. लंडनहून जोहान्सबर्गला जाणारा प्रवासी नऊ हजार किलोमीटर उडतो, पण तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो आणि घड्याळ एक-दोन तासच बदलते. तो थकतो, पण दुसऱ्या दिवशी जेवणाखाणाला ताळ्यावर असतो. मुंबईहून लंडनला जाणारा त्याच्यापेक्षा पावणेदोन हजार किलोमीटर कमी उडतो आणि तरी चार-पाच दिवस पहाटे तीनला उठून बसतो. शरीर किलोमीटर मोजत नाही. ते ओलांडलेले रेखांश मोजते.

घड्याळ जुळवण्याचे सर्वांत चांगले औषध म्हणजे उजेड. लंडनला गेल्यावर पहिले काही दिवस संध्याकाळी घराबाहेर फिरावे, म्हणजे शरीराची रात्र पुढे ढकलली जाते. सिडनी किंवा टोकियोला गेल्यावर सकाळचा उजेड घ्यावा. अमेरिकेत पोहोचल्यावर दिवसाउजेडी बाहेर पडावे, तिथल्या वेळेने जेवावे आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. वृद्ध माणूस अनोळखी घरात, रात्री गुंगीत उठला आणि पडला तर खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. मेलॅटोनिनचा काहींना उपयोग होतो, पण तेही इतर औषधे पाहून डॉक्टरांनीच द्यावे.

कळसूबाईहून उंच खुर्ची

विमानात बसलेला माणूस किती उंचीवर असतो? बाहेरची उंची अकरा किलोमीटर असली तरी आत हवेचा दाब राखलेला असतो. पण तो समुद्रसपाटीइतका नसतो. आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे मुरुडच्या किनाऱ्यावर आयुष्य काढलेला माणूस विमानात सोळा तास कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. रक्तातला प्राणवायू काही टक्क्यांनी उतरतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, पण दम्याचा जुना त्रास, कमकुवत हृदय किंवा रक्तक्षय असलेल्याला जाणवू शकते. नुकतीच शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका आला असेल, तर उडण्याआधी डॉक्टरांची परवानगी घ्यावीच. दाब कमी असल्याने पोटातला वायू फुगतो, म्हणून निघण्याआधी वाल-पावटा आणि सोड्याच्या बाटल्या टाळाव्यात. हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात. थोडे-थोडे पाणी पीत राहावे. ‘सारखे उठावे लागेल’ म्हणून पाणी टाळणे ही ज्येष्ठांची नेहमीची चूक. उठावे लागले तर ते चांगलेच.

कारण खरा धोका बसून राहण्याचा आहे. गुडघे दुमडून तासन्‌तास बसले की पोटरीतल्या शिरांतले रक्त साचते. पोटरीचे स्नायू चालताना पंपासारखे रक्त वर ढकलतात, तो पंप बंद पडतो. कधी आतल्या शिरेत गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. निरोगी माणसात तो तरीही लहानच, सुमारे सहा हजारांत एक. लठ्ठपणा, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, पूर्वी झालेली गुठळी अशी कारणे असतील तर तो वाढतो.

या संशोधनातला एक मुद्दा कोकणवासीयांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. हा धोका विमानापुरता नाही. मोटार, बस, रेल्वे, कशातही इतका वेळ बसून राहिले तरी तो असतो. आता मुरुडहून निघणाऱ्या प्रवाशाचा हिशेब मांडून पाहावा. मुंबई विमानतळ सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही नाही, पण रस्त्याने सव्वादोनशेच्या वर. मंडणगड-महाडमार्गे महामार्गाला लागून पनवेल, आणि पुढे मुंबईची गर्दी. सहा-सात तास सहज जातात. महामार्गाचा भरवसा नाही म्हणून आणखी दोन तास हाताशी ठेवायचे. विमानतळावर तीन-चार तास आधी पोहोचायचे. मग सोळा-सतरा तासांचे उड्डाण, तेही थेट विमान मिळाले तर. उतरल्यावर कागदपत्रांच्या रांगेत तास-दोन तास, आणि शेवटी मुलाच्या घरापर्यंत मोटार. मोबाइलवर सोळा तास दिसणारा प्रवास अंगणापासून अंगणापर्यंत तीस तासांचा होतो, आणि त्यातले पंचवीसहून अधिक तास माणूस बसलेला असतो. एकूण अंतराच्या दोन टक्क्यांहून कमी असलेला घरापासून विमानतळापर्यंतचा टप्पा प्रवासाचा पाव हिस्सा वेळ खातो.

म्हणून पाय मोकळे करण्याची सुरुवात विमानात नव्हे, महाडला करावी. मोटार दर दीड-दोन तासांनी थांबवून पाच मिनिटे चालावे. शक्य असेल तर आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा. विमानात कडेची जागा मागून घ्यावी आणि दर तास-दीड तासाने उठावे. बसल्या जागी टाचा टेकून चवडे वर, चवडे टेकून टाचा वर असे वीस-पंचवीस वेळा करावे. पायापुढची जागा पिशव्यांनी अडवू नये. धोका जास्त असणाऱ्यांना डॉक्टर दाब देणारे मोजे सुचवतात. ते मापाचेच हवेत. शेजाऱ्याने सांगितले म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये. प्रवासानंतर काही दिवसांनी, अगदी काही आठवड्यांनीही, एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठावे.

परतीचा हिशेब

या तीस तासांना आणखी एक बाजू आहे, आणि ती जाणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्यासाठी महत्त्वाची आहे. गावात एकट्या राहणाऱ्या आईला रात्री अचानक काही झाले, तर कॅलिफोर्नियातला मुलगा ‘सोळा तासांवर’ नसतो. तिकीट मिळवणे, विमानतळ गाठणे, उड्डाण आणि पुढे कोकणाचा रस्ता धरला तर तो दीड दिवसावर असतो, कधी दोन. आणि तो पोहोचतो तेव्हा त्याचे शरीर मध्यरात्रीत असते. नेमके त्याच वेळी डॉक्टर त्याच्यापुढे सहीचे कागद ठेवतात.

पक्षाघातात उपचार सुरू व्हायला हवेत ते साडेचार तासांच्या आत, हृदयविकारात त्याहूनही लवकर. तेवढ्या वेळात परदेशातून कोणीही येऊ शकत नाही. येऊ शकतो तो शेजारी, वाडीतला पुतण्या, दापोलीत राहणारी भाची. म्हणून ज्या घरातले मूल दूर आहे, त्या घराने काही गोष्टी बसून ठरवाव्यात. रात्री पहिला फोन कोणाला करायचा, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, गाडी कोणाची, औषधांची यादी आणि विम्याचे कागद कुठे आहेत, मुलगा पोहोचेपर्यंत निर्णय कोण घेणार. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका सर्वांना ठाऊक असावी. ही यादी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी लावायला अर्धा तास पुरतो.

कर्वे साताऱ्याला निघाले तेव्हा वाट किती मैलांची आहे, पाऊस किती आहे आणि परीक्षा कधी आहे, हे धरूनच निघाले होते. म्हणून ते वेळेवर पोहोचले. पुढे जे झाले ते त्यांच्या हातात नव्हते. विमानाच्या प्रवासालाही हाच हिशेब लागू आहे. पडद्यावरच्या तासांत घाटरस्त्याचे तास मिळवावेत, घड्याळाचा फरक मिळवावा आणि शरीर सावरायला लागणारे दिवस मिळवावेत. पुढच्या खेपेला ‘किती लांब आहे हो?’ असे कोणी विचारले, तर ती बेरीज सांगावी.